डावीकडून तिसरी

माझ्या थोरल्या मुलीचं नाव या पानांत येणार नाही. ती जिवंत आहे. ॲडलेडच्या कॉलेजात पत्रकारितेच्या दुसऱ्या वर्षाला आहे, आणि आज संध्याकाळीच तिने फोन करून मला विचारलं की लोकरीचा स्वेटर गरम पाण्यात धुतला तर काय होतं. तरीही तिचं नाव लिहायला माझा हात धजत नाही. आम्हा वार्लपिरी आदिवासींत प्रत्येकाला जन्मापासून एक गटाचं नाव असतं. मी नाकामारा आहे, म्हणून माझ्या मुली नुंगारायी. इथे मी तिला नुंगारायीच म्हणेन.

सहा वर्षांची असताना ती आजीच्या अंगणात कुत्र्यांना ओळीने बसवायची आणि हातात सॉसची रिकामी बाटली धरून त्यांना बातम्या सांगायची. "आज पिवळ्या कुत्र्याने तपकिरी कुत्र्याचं हाड पळवलं. पोलीस शोध घेत आहेत." माझी आई, म्हणजे तिची आजी, हसून हसून डोळे पुसायची. म्हणायची, "अगं, पिवळ्यालाही विचार की. तो म्हणेल हाड माझंच होतं."

मग नुंगारायी गुडघे टेकून पिवळ्या कुत्र्याच्या तोंडासमोर बाटली धरायची आणि तो काहीतरी बोलेपर्यंत थांबायची.

मी ॲलिस गावातल्या शाळेत शिकवते. कॉलेजात मीही गेले होते, त्यामुळे तिला तिथे काय भोगावं लागेल याची कल्पना होती, आणि म्हणूनच भीतीही होती. वसतिगृहातल्या मुलींनी पहिल्याच आठवड्यात विचारलं, "तुला तुमचं ते नाचणं येतं का गं?" ही म्हणाली, "येतं. तुम्हाला तुमचं ते रांगेत उभं राहणं येतं का?" दुकानात शिरली की रखवालदार मागे मागे येतो. तेही ती मला हसत सांगायची. "आई, आता मी त्याच्याच हातात टोपली देते. म्हटलं, फिरतोच आहेस माझ्यामागे, तर ओझं तरी धर." मी हसायचे आणि फोन ठेवल्यावर उगीचच भांडी घासत बसायचे.

तिच्याकडे एक निळी वही होती. रोज सहाच्या बातम्या लागल्या की ती वही घेऊन बसायची. आपल्यापैकी कोण दिसलं, किती सेकंद दिसलं, खाली नाव लिहिलं होतं का, आणि तो माणूस स्वतः काही बोलला का. शेवटचा रकाना पानंच्या पानं रिकामा. वर्षभराने तिने त्यावर निबंध लिहिला. "आई, आपण टीव्हीवर तीनदाच येतो. पायात चेंडू असताना, हातात बेड्या असताना आणि मेल्यावर."

"आणि नाचताना," मी म्हटलं.

"ते पर्यटनाच्या जाहिरातीत. बातम्यांत धरत नाहीत."

प्राध्यापक म्हणाले, तू हे फार मनाला लावून घेतेस. ती म्हणाली, "सर, मी फक्त सेकंद मोजलेत." त्यांनी तिला चांगले गुण दिले. पुढे त्याच निबंधाच्या जोरावर तिला येत्या उन्हाळ्यात, म्हणजे आमच्याकडे डिसेंबरपासून, तीन महिने एका वाहिनीवर शिकाऊ म्हणून जागा मिळाली. तीच वाहिनी, तेच सहाचं बातमीपत्र. मला फार आनंद झाला, असं मी सगळ्यांना सांगितलं.

ही गोष्ट ऑक्टोबरातल्या एका मंगळवारची आहे. मी स्वयंपाकघरात कांदा चिरत होते, टीव्ही समोरच्या खोलीत चालू होता, आवाज बारीक होता. बातम्यांच्या मध्ये ती सूचना आली, आदिवासी प्रेक्षकांनी लक्ष द्यावं, पुढच्या वृत्तात मृत व्यक्तीचं छायाचित्र आहे. आमच्यात गेलेल्याचा चेहरा बघत नाहीत आणि नाव घेत नाहीत, म्हणून ही सूचना आली की लहान पोरंसुद्धा मान वळवतात. माझ्या धाकटीने उशीत तोंड खुपसलं. मला वळायला क्षणभर उशीर झाला, हातात सुरी होती.

पडद्यावर नुंगारायी होती. पिवळी कानातली, जी मी तिला घेऊन दिली होती. ओठ थोडे उघडे, बाजूच्या कुणाशी तरी बोलता बोलता काढलेला फोटो. खाली लिहिलं होतं, महामार्गावर तरुणीचा मृत्यू, वाहनचालक फरार.

त्यानंतरच्या अडीच तासांबद्दल मी फार लिहू शकत नाही. तिचा फोन वाजत राहिला. पोलिसांचा फोन एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर जात राहिला. धाकटी विचारत होती, "कोण होतं आई? कोण होतं?" आणि मी तिला सांगू शकत नव्हते. सांगायचं तर नाव घ्यावं लागलं असतं, आणि ते नाव माझ्या तोंडातून तेव्हाच निघेनासं झालं होतं. हे मला आजही खात असतं. आई असून मी तिला इतक्या लवकर मेलेली मानलं.

साडेआठला फोन वाजला. ती ग्रंथालयात होती, फोन खालच्या कपाटात ठेवलेला.

"आई, अठ्ठावीस वेळा फोन? कोण गेलं?"

"तू," मी म्हटलं.

माझा भाऊ सेल्विन वस्तीवर असतो, ॲलिसपासून तीनशे किलोमीटरवर. त्याला लगेच फोन लावला. मागे बायकांचा आक्रोश ऐकू येत होता. मी ओरडून सांगितलं, ती जिवंत आहे, आत्ता बोलले तिच्याशी. मग म्हणाला, "आता सांगतेस, ताई? इथे सगळं करून झालंय."

आईने बायकांच्या केंद्रातल्या टीव्हीवर तो चेहरा पाहिला होता. तिला इंग्रजी फार कळत नाही, पण ती सूचना कळते. सूचनेनंतर दिसतो तो गेलेला असतो, इतकं तिला पक्कं ठाऊक. आमच्यात कुणी गेलं की थांबत नाहीत, खात्री करत बसत नाहीत, कारण उशीर झाला तर गेलेल्याला वाटतं आपल्याला कुणी नव्हतं. आईने कात्रीने केस कापले, डोक्यात दगड मारून घेतला. दवाखान्यात सहा टाके पडले. नुंगारायीची गादी, पिशवी, ब्लँकेट दूरच्या नात्यात वाटून टाकलं. जुलैच्या सुट्टीत ती येऊन गेली तेव्हाची तिची पावलं कधीच वाऱ्याने पुसली होती, तरी फांद्या घेऊन अंगण, विहिरीची वाट, शाळेमागची मोकळी जागा, सगळं झाडून काढलं. आणि तिचं नाव बाजूला ठेवून दिलं. ज्या नावावर रडून झालं ते वर्षानुवर्षं कुणी उच्चारत नाही. त्या नावाचं दुसरं कुणी जिवंत असेल तर त्यालाही मग कुमन्जायी म्हणायचं, ज्याचं नाव घेता येत नाही तो.

त्या रात्री मी देवाचे आभार मानले. मग खरी गेलेली मुलगी कोणाची, हा प्रश्न मला दुसऱ्या दिवशी दुपारी पडला.

उत्तर नुंगारायीनेच शोधून काढलं. आदल्या वर्षी तिच्या कॉलेजचे लोक वस्त्यांवरच्या शाळांत आले होते, ही त्यांच्याबरोबर होती. तेव्हा सहा मुलींचा एक फोटो काढला होता. खाली नावं छापली होती, डावीकडून उजवीकडे. गेलेली मुलगी डावीकडून तिसरी. वाहिनीत कुणीतरी घाईत उजवीकडून मोजलं. उजवीकडून तिसरी ही होती, तिच्या अगदी शेजारी.

"शेजारी होतो आम्ही," नुंगारायी म्हणाली. "मी तिच्याशीच बोलत होते. मी तिला सांगत होते की इकडे ये शिकायला, मजा असते."

ती वीस तास बसने आली आणि मी तिला घेऊन वस्तीवर गेले. गाडी थांबताच पोरं ओरडली, "कुमन्जायी आली! कुमन्जायी आली!" एका चिमुरडीने जवळ येऊन तिच्या हाताला बोट लावून पाहिलं आणि पळाली. झाडलेल्या अंगणात तिच्या बुटांचे ठसे उमटत गेले आणि ओट्यावर बसलेल्या बायका ते ठसे बघत राहिल्या.

आईने तिचं तोंड दोन्ही हातांत धरलं, मान हुंगली, दंड चाचपले. मग पुन्हा मोठ्याने रडू लागली. सगळं केलं, पण नाव घेतलं नाही.

"आजी, मी मेले नाही. हाक मार ना मला."

"कळतंय मला. डोळे फुटलेत का माझे? बस. जेव."

दूरच्या नात्यातली डेल्वीन तिचं ब्लँकेट खांद्यावर घेऊन बसली होती. नुंगारायी म्हणाली, "ते माझं आहे."

"होतं," डेल्वीन म्हणाली. "परत मागू नकोस हं. आवाज बसला माझा तुझ्यासाठी रडून."

"खरं रडलीस की ब्लँकेटसाठी?"

"आधी खरं. मग ब्लँकेट दिलं तेव्हा जरा जास्त."

सगळे हसले, आईसुद्धा. पण हसतानाही डेल्वीन तिला कुमन्जायीच म्हणाली, आणि माझ्या लेकीचा चेहरा उतरला. "मला त्या नावाने हाक मारलीत तर मी ओ देणार नाही," ती म्हणाली. तीन दिवस तिने दिली नाही. जेवायला बोलावलं तरी ढिम्म बसून राहायची, मी जाऊन खांद्याला हात लावेपर्यंत.

सेल्विनने म्हाताऱ्यांशी बोलून ठरवलं. म्हणाला, "टीव्हीने तिला मारलं. टीव्हीनेच परत आणावं. तोच पडदा, तीच वेळ. तिचा चेहरा दाखवा, ही जिवंत आहे म्हणून सांगा. सगळ्या वस्त्यांवर बघतील. मग आम्ही नाव घेऊ."

"आणि नाही दाखवलं तर, मामा?"

"मग वाट बघायची. पाच वर्षं, दहा वर्षं. आजी आहे तोवर तर नाहीच."

मला तेव्हा वाटलं, सोपं आहे. वाहिनीचा फोन आलाच होता. फिलिपा नावाची बाई होती, तिचा आवाज खरोखर दुखावलेला वाटत होता. तिने दहादा माफी मागितली. शुक्रवारी सहाला चार मिनिटं देतो म्हणाली, नुंगारायीची मुलाखत, वाहिनीची जाहीर क्षमा. मग म्हणाली, "आता पोलिसांनी त्या मुलीचा खरा फोटोही दिलाय. आम्ही दोन्ही फोटो शेजारी शेजारी ठेवू, म्हणजे चूक कशी झाली ते लोकांना स्पष्ट दिसेल."

"फक्त माझा दाखवा," नुंगारायी म्हणाली.

"मग गेलं कोण, हे कसं कळणार? अर्धीच दुरुस्ती होईल ती. आणि खरं सांगू? दोन फोटोंशिवाय यात बघण्यासारखं काही उरत नाही. वरचे लोक चार मिनिटं देणार नाहीत."

"मी विचारून सांगते."

"कुणाला?"

"तिच्या आईला."

फोन ठेवल्यावर मी तिच्यावर चिडले. कशाला विचारायचं? त्या बाईने नकार दिला तर? माझी मुलगी माझ्यासमोर बसलेली असताना तिला मेलेल्यांत मोजतात, मी हे किती दिवस बघायचं? मी हे सगळं बोलले. तिने माझ्यासमोर आपला फोन धरला.

ती बातमी वाहिनीच्या संकेतस्थळावर अजून होती, तिच्या चेहऱ्यासकट. खाली लोकांनी लिहिलेलं होतं, शेकडो ओळी. मी वाचायला लागले. दारू प्यायली असेल. रस्त्यावर झोपतात हे लोक, गाडीवाल्याचा काय दोष. आईबाप कुठे होते. एकाने फक्त इतकंच लिहिलं होतं, एक कमी झाली. त्याला दोनशे जणांनी पसंतीचा अंगठा दिला होता.

"मी हे पहिल्या रात्रीच वाचलं," ती म्हणाली. "सगळं. आपण मेल्यावर लोक काय बोलतात ते फार थोड्यांना वाचायला मिळतं, आई." मग म्हणाली, "निबंधात मी सेकंद मोजले. हे मोजलं नव्हतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी निघालो. त्या मुलीची वस्ती आणखी दोन तास पलीकडे. शोकाची जागा गावाबाहेर होती, पत्रे आणि ताडपत्री लावून केलेली. बायका पांढऱ्या मातीने माखलेल्या. आम्ही रीतीप्रमाणे आधी त्यांच्यात जाऊन बसलो, गळ्यात पडून रडलो. मला वाटलं होतं मला रडू येणार नाही. आलं.

तीही नाकामारा होती. म्हणजे नात्याने माझी बहीण, आणि माझ्या लेकीची मावशी. नुंगारायी तिला आईच म्हणणार. मुलगी गेलेली आई आमच्यात महिनोन्महिने बोलत नाही, हातांनी बोलते. आम्हा बायकांना ती हातांची भाषा लहानपणापासून येते. माझी जरा गंजली आहे, पण ती बाई काय म्हणत होती ते सगळं मला कळलं.

तिने आधी नुंगारायीचा चेहरा खूप वेळ पाहिला. मला असं वाटलं की ती तिच्यात काहीतरी शोधतेय, आणि मी लेकीचा हात घट्ट धरला. मग तिचे हात हलले. तूच ती, टीव्हीवरची.

"हो, आई."

लोक येतात, हात म्हणाले. सांगतात, चुकीची मुलगी दाखवली, भांड त्यांच्याशी. मी भांडले नाही. माझ्या मुलीचा चेहरा कुणी पाहिला नाही. चेहरा दाखवला की गेलेल्याचा जीव अडकतो. ती गुपचूप गेली. तिला कुणी अडवलं नाही.

मी बोलले. मला राहवलं नाही. मी सांगितलं की वाहिनी दोन्ही फोटो दाखवायला तयार आहे, माझ्या मुलीचं नाव त्याशिवाय परत येणार नाही, माझी आई म्हातारी आहे.

त्या बाईने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. हात सावकाश हलले. तुझी जवळ आहे. बोलते. जेवते. मग लेकीकडे वळून, लोक काय म्हणाले त्या फोटोला? मला कुणी सांगत नाही.

नुंगारायीने मान खाली घातली. आयुष्यभर ही पोरगी समोरच्याच्या तोंडापुढे बाटली धरून उत्तराची वाट बघत आली, आणि आता उत्तर तिच्याकडे होतं.

"वाईट वाटलं म्हणाले," ती म्हणाली. "सगळ्यांना वाईट वाटलं."

बाईने मान हलवली. मग पांढऱ्या मातीचे हात तिने माझ्या लेकीच्या गालांवरून फिरवले, आणि आमच्याकडून काही कबूल करून न घेता पुन्हा आपल्या जागी जाऊन बसली.

गाडीत मी इंजिन सुरू केलं नाही. म्हटलं, "तिला खरं सांगितलं नाहीस."

"ते माझ्या चेहऱ्यावर पडलंय, आई. तिच्या मुलीचा फोटो लावला की हे सगळं उद्या तिच्यावर पडेल. परत सगळे लिहितील. नवीन." तिने गालावरची माती पुसली नाही. "मी निदान वाचून उठले तरी."

रेंज आली तिथे गाडी थांबवायला लावून तिने फिलिपाला फोन केला. मुलाखत नाही. फोटो नाहीत. ती बातमी काढून टाका, खालच्या सगळ्या लिखाणासकट, आणि तुमच्या संकेतस्थळावर एक ओळ लिहा की छायाचित्र चुकीचं होतं. कुणाचं ते लिहू नका.

"पण मग बघणाऱ्यांच्या लेखी तू…" फिलिपा अडखळली.

"हो."

"तुझ्या घरचे?"

"ते माझं मी बघते."

"आणि डिसेंबरात? येणार आहेस ना आमच्याकडे?"

मी मान जोरात हलवून नाही नाही म्हणत होते. नुंगारायी माझ्याकडे बघून म्हणाली, "येईन. डावीकडून मोजता येणारं कुणीतरी हवं तुम्हाला."

आम्ही वस्तीवर पोचलो तेव्हा ऊन कलत होतं. आई अंगणात शेकोटीशी बसली होती, डोक्याला पट्टी. सेल्विन पुढे आला. "काय म्हणाले? शुक्रवारी ना?"

"नाही, मामा. मी नको म्हटलं."

त्याने कपाळावर हात मारला. तो काय काय बोलला ते लिहीत नाही, तो माझा भाऊ आहे आणि त्याला तिचं नाव माझ्याइतकंच हवं होतं. नुंगारायीने सगळं ऐकून घेतलं. मग आजीजवळ बसून तिने सांगितलं, त्या आईचे हात काय म्हणाले ते, हातांनीच. खालच्या लिखाणाबद्दल तिने आजीलाही सांगितलं नाही.

आईने जाळातलं लाकूड पुढे सारलं. "तीही नुंगारायीच ना गं," ती म्हणाली. "म्हणजे माझी नातच. मग माझं रडणं फुकट नाही गेलं." मग पाय लांब करून कण्हली, पट्टी नीट केली आणि म्हणाली, "कुमन्जायी, चहा दे जरा. साखर हात आखडून घालू नकोस."

डेल्वीन थबकली. सेल्विनने तोंड फिरवलं. मी लेकीकडे पाहिलं, ती उठून जाईल म्हणून.

"देते, आजी," ती म्हणाली, आणि डबा उघडून कपात साखर घालू लागली. "अजून कोणाला हवाय?"

माझ्या ओठांवर तिचं नाव आलं, वीस वर्षं येतंय तसं. मी ते तिथेच धरलं आणि म्हटलं, "मलाही."